प्रेशर टाकी हलवा, फरशीखालचा पाइप सोडून द्या

संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या आधी घरदुरुस्तीची कामे निघतात. जिन्याखाली बाथरूम काढायचे ठरते आणि तिथे वर्षानुवर्षे बसलेली बोअरची प्रेशर टाकी (आत रबराच्या पडद्यामागे हवा भरलेली, पाणी दाबाखाली ठेवणारी टाकी) आड येते. मग ती परसात न्यायची. टाकी हलवणे हे तसे अर्ध्या दिवसाचे काम. घोळ होतो तो तिच्यापर्यंत फरशीखालून आलेल्या पाइपाचा. फरशी फोडून जुन्याच पाइपाला मध्ये जोड मारतात, वर सिमेंट ओततात, आणि काही काळाने भिंतीच्या तळाशी ओल चढू लागते.

आपल्याकडे स्लॅब म्हटला की तो डोक्यावरचा. पायाखाली असतो जोत्यातला मुरमाचा भराव, त्यावर दगडी सोलिंग, मग चारेक इंच काँक्रीट आणि फरशी. भराव नीट कुटलेला नसेल तर तो बसत राहतो. घर काळ्या मातीत असेल तर बाहेरची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घर जागच्या जागी आणि जमीन खालीवर, यात पाइप नेमका जोत्याच्या भिंतीतून बाहेर पडतो तिथे तुटतो. जांभ्याच्या कोकणात जमीन फारशी हलत नाही, तिथे जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजण्याचीच तक्रार जास्त.

फोडाफोडीआधी फरशीखालचा पाइप कोणता हे ठरवावे, कारण दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोअरमध्ये सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडालेला पंप असेल तर हा पाइप दाबाखाली असतो. तो फुटला तर पाणी बाहेर येते, निदान कळते तरी. परसातल्या विहिरीवरचा मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसणारा, मोटरसकट एकसंध) पंप जिन्याखाली असेल तर फरशीखालून येणारा पाइप सक्शनचा, म्हणजे पंप ज्यातून पाणी ओढतो तो. त्याला चीर गेली की बाहेर थेंबही दिसत नाही, पाइप उलट हवा ओढतो, पंप पाणी खेचेनासा होतो, आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर तिचे पाणीही ओढू शकतो. अशा घरात फक्त टाकी हलवून भागत नाही, पंपही विहिरीजवळ न्यावा. सक्शनची उंची सहा-सात मीटरच्या पुढे गेली की मोनोब्लॉकचे चालत नाही, त्यात लांबीची भर घालू नये.

सबमर्सिबलच्या लाइनची परीक्षा फुकटात होते. टाकीनंतरचा, घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा, पंपाचा एमसीबी पाडावा आणि गेजचा काटा अर्धा तास बघावा. काटा उतरला तर गळती बोअरकडच्या बाजूला आहे: फरशीखालचा पाइप किंवा पंपावरचा एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). काटा जागेवर राहिला आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर, सगळे नळ बंद असूनही, उतरू लागला तर दोष घरातल्या लाइनचा. रात्री कोणी नळ उघडलेला नसताना पंप आपोआप सुरू होतो, ती गळतीचीच खूण, मग गळती कोणत्याही बाजूची असो.

नवी जागा अशी निवडावी की बोअरचा पाइप घराखाली शिरण्याआधीच तिथे हाताला लागेल. तो बाहेरच कापायचा, तिथेच टाकी बसवायची, आणि घराकडची लाइन भिंतीच्या कडेने वरून नेऊन जुन्या टाकीजवळच्या टीला जोडायची. फरशीखालचा तुकडा दोन्ही टोकांना टोपण लावून कायमचा सोडून द्यावा. टोपण टीच्या अगदी तोंडाशी हवे, नाहीतर उरलेल्या शेपटात पाणी साचून कुजते. भिंतीवरचा पाइप दिसतो म्हणून घरमालक नाक मुरडतात, पण तो दिसतो हेच त्याचे भले. सीपीव्हीसीची (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिकची) लाइन उन्हात उघडी ठेवू नये, आणि तिला सरकायला वाव द्यावा: 30 अंशांच्या फरकाने 10 मीटरमागे ती जवळपास दोन सेंटिमीटर लांबते.

काही घरांत जमिनीखालून जाण्यावाचून गत्यंतर नसते. तिथे काळ्या एचडीपीई (लवचीक प्लॅस्टिक) पाइपाची गुंडाळी आणून अखंड तुकडा टाकावा. फरशीखाली एकही जोड नको. हा तुकडा 63 किंवा 75 मिमीच्या पीव्हीसी पाइपातून ओवला तर पुढे फरशी न फोडता बदलता येतो. ओवायचा तर वळणे मोठी ठेवा, काटकोनी एल्बोतून तो सरकत नाही. जोत्याच्या बीमला मात्र भोक पाडू नका, सळई कापली जाते. बीमच्या खालून जा. बाहेर चर दीड फूट, गाडी जाते तिथे अडीच फूट, खाली-वर चार-चार इंच वाळू. ड्रेनेज आडवे आले तर पाण्याची लाइन तिच्या वरून न्यावी.

आता सर्रास होणारी चूक. टाकी बाहेर जाते आणि दाब बघून पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच जिन्याखालीच राहतो, कारण वायर तिथपर्यंतच आलेली असते. समजा पंप ताशी 2000 लिटर पाणी देतो, ते आधी स्विचपाशी येऊन मग टाकीत जाते आणि स्विचपासून टाकीपर्यंत 20 मीटर पाइप आहे. पाइपाचा आतला व्यास 15 मिमी असेल तर घर्षणातच सुमारे 14 मीटर, म्हणजे 1.4 बार दाब जातो. बाजारातला नेहमीचा स्विच 1.4 बारला पंप चालू करतो आणि 2.8 ला बंद, म्हणजे मधले अंतरही तेवढेच. पंप सुरू होताच स्विचपाशी दाब उसळतो आणि टाकी भरण्याआधीच पंप बंद पडतो. दाब लगेच उतरतो, पंप पुन्हा सुरू. ही टकटक चालली की आधी स्विचचे पॉइंट जळतात, मग कपॅसिटर, मग मोटर. तोच पाइप आतून 25 मिमीचा असता तर घट सव्वा मीटरच्याही आत राहिली असती. तरीही स्विच आणि गेज टाकीच्या तोंडाशीच हवेत, आणि स्विच व टाकी यांच्यामध्ये व्हॉल्व्ह किंवा एनआरव्ही चुकूनही नको.

जादा दाब बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह मात्र तिथे हवाच. खोल बोअरसाठी घेतलेल्या पंपाचा बंद तोंडाचा हेड (पुढची वाट बंद असताना तो पाणी जितके उंच ढकलतो ती उंची) 100 मीटर असेल आणि पाणी 30 मीटरवर लागत असेल, तर स्विच चिकटल्यास वर 7 बार दाब येतो. टाकीवर लिहिलेला कमाल दाब त्यामुळे आधी वाचून घ्यावा.

टाकी हलवताना हवा तपासण्याची आयती संधी मिळते. पाणी पूर्ण काढून, नळ उघडा ठेवून हवा मोजावी. पाण्याच्या दाबात मोजलेला आकडा निरुपयोगी. स्विच 1.4 ला चालू होत असेल तर हवा 1.2 ते 1.25 बार ठेवावी. व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरचाच असतो, पंक्चरवाल्याचा गेज चालतो. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर आतले रबर फाटले आहे, ती टाकी हलवण्यात अर्थ नाही. टाकीच्या लिटरच्या आकड्यानेही फसू नये: या दाबांत 100 लिटरच्या टाकीतून पंप एकदा बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत 33-34 लिटर मिळतात, 24 लिटरच्या टाकीतून जेमतेम 8. बैठक मात्र पूर्ण भरलेल्या टाकीच्या वजनाची करावी, कारण रबर फाटल्यावर ती पूर्ण भरते.

जुन्या घरांत जीआय पाइपालाच अर्थिंगची वायर बांधलेली असते. पाइप प्लॅस्टिकचा झाला की घराचे अर्थिंग गेले, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. पाइप कापण्याआधी वायरमनला बोलवा, पंप आणि स्विचला स्वतंत्र अर्थिंग द्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा.

चर बुजवण्याआधी चाचणी. सॉल्व्हंटचे जोड 24 तास वाळू द्यावेत, टाकी आणि स्विच लाइनपासून सोडवून ठेवावेत, मग हातपंपाच्या मशीनने लाइनवर कमाल दाबाच्या दीडपट पाणी चढवून किमान दोन तास थांबावे. कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, प्लॅस्टिकचा पाइप फुटून तुकडे अंगावर येतात. काटा हलला नाही तर उघड्या चरीत टेप पसरून, भिंतीपासूनचे अंतर दिसेल असे फोटो काढावेत. त्यांची एक प्रत स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावी. वाळवीचे औषध भरणारे भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर फरशीला भोके पाडत येतात, त्यांना ड्रिल सुरू करण्याआधी तो फोटो दाखवता येईल.

– नळकाम करणारा एक वाचक, सांगली