डनॅडच्या साच्यांत मेण वितळवले जात नव्हते

संपादक महोदय,

स्कॉटलंडमधल्या मध्ययुगीन ब्रूचांवरील (वस्त्र अडकवायच्या शोभेच्या पिनांवरील) आपल्या लेखात, ते सगळे साच्यातला मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतून घडवले जात, असे सरसकट म्हटले आहे. आर्गाइलमधील डनॅड या दाल रिआटा या प्राचीन गेलिक राज्याच्या गडावर सापडलेले सातव्या शतकाच्या सुमाराचे मातीचे साचे वेगळेच सांगतात. ते दोन भागांचे आहेत.

ब्रूचचा नमुना मातीच्या चकतीत अर्धा दाबायचा, कडेला सुरीच्या टोकाने खाचा करायच्या, कोळशाची पूड भुरभुरून वर दुसरी चकती थापायची. ती खाचांत बसते, म्हणून पुढे जुळणी चुकत नाही. माती आवळली की साचा उघडून नमुना काढायचा, धातूचा रस ओतायचे तोंड कोरायचे, परत मिटून बाहेरून मातीचा लेप द्यायचा. मेण एकदाच कामी येते. इथे तोच नमुना पुन्हा चालतो.

आज या पद्धतीने केलेल्या प्रतिकृती फसतात त्या बहुधा साच्याच्या वाळवणीत. उरलेल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होते आणि साचा तडकतो. वाळू कमी पडली तर माती आक्रसते; ५० मिलिमीटरच्या नमुन्याचा ठसा ४७ वर येतो. दहा टक्के कथिलाचे कासे सुमारे १००० अंश सेल्सियसला वितळते, ओतताना आणखी शंभरेक अंश हवेत. साचा थंड असेल तर बारीक टोके अर्धवटच राहतात.

स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या हंटरस्टन ब्रूचची (सुमारे इ. स. ७००) गोष्ट निराळी. त्यात ओतकाम ही निव्वळ सुरुवात. सोन्याच्या तारेची नक्षी आणि अंबर नंतरचे.

– एक वाचक, पुणे