तुझी येझदी उघडू का?

डिचोली, गोवा

प्रिय मित्रा,

तुझ्या काकांची 1980 सालची येझदी रोडकिंग मोटरसायकल आमच्या पडवीत आहे, हे तू विसरला नसशील अशी आशा. परवा ताडपत्री काढली. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि किक जागची हलत नाही. मेस्त, म्हणजे आपला मेकॅनिक, म्हणतो, पिस्टन जाम झालाय, पण सुटेल. त्यासाठी इंजिन उघडावं लागेल आणि ते तुझ्या होकाराशिवाय मी करणार नाही. म्हणून हे पत्र.

घाई अशासाठी, की चतुर्थी झाल्यावर आपली जुनी मंडळी पुन्हा निघायचं म्हणताहेत. केरी, अंजुणे धरण, मग वाळपईच्या बाजूला आत जमेल तिथवर. बुलेटवाले भाऊ साठीचे झालेत, तरी उजव्या पायाचे गियर सोडून दुसरी गाडी चालवायला तयार नाहीत. राजदूतवाला अजूनही तसाच शेवटी येतो आणि येतोच. हसायचो आपण त्या गाडीला, पण पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेला तो सांगाडा आणि पुढच्या चाकाचा तो विचित्र फोर्क खड्ड्यांत आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा होता.

ऑफ-रोड वगैरे करायला आपण कधी निघालोच नव्हतो. डांबर संपायचं आणि आपल्याला पुढे जायचं असायचं, एवढंच. खाणीच्या ट्रकांमागून साखळीपर्यंत पोचलो की शर्ट, भुवया, दात, सगळं लाल. 1986 साली मांडवीचा पूल पडल्यावर बेतीच्या फेरीबोटीत ओल्या फळीवरून गाड्या चढवल्या, तेव्हा हाफ क्लच म्हणजे काय ते खरं कळलं.

आणि कुळ्याहून दूधसागरची वाट! दुसऱ्याच ओढ्यात तुझी गाडी मधोमध बंद पडली होती. दोन्ही सायलेन्सर पाण्याखाली, तू गुडघाभर पाण्यात, आणि तोंडात ज्या शिव्या होत्या त्या इथे लिहीत नाही. ओढून काठावर आणली, प्लग काढला, गाडी जवळजवळ उभी करून सायलेन्सर रिकामे केले. मग बिनप्लगची किक मारत राहिलो तसं सिलिंडरमधून पाण्याचे फवारे उडाले. ठिणगीचे पॉइंट फडक्याने पुसले, प्लग पॉलिश पेपरने घासला, आणि निळा धूर सोडत ती सुरू झाली. येताना क्लचची केबल तुटली, तरी तू घरापर्यंत चालवत आणलीस. येझदीत गियरचा पाय दाबला की क्लच आपोआप सुटायचा, ही सोय करणाऱ्या चेक माणसाला त्या रात्री भाजी-पाव खाताना आपण मनापासून दुवा दिला होता.

त्या चेक लोकांविषयी मी नंतर बरंच वाचलं. येझदीची मूळ चेक कंपनी जावा, तिचं भावंड असलेल्या सीझेड गाडीवर बेल्जियमच्या जोएल रोबेरने 1964 साली 250 सीसी मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीच्या वाटेवरच्या शर्यतीचं, जगज्जेतेपद घेतलं. आणि 1913 पासून चालत आलेली मोटरसायकलींची ती सहा दिवसांची स्पर्धा, तिचा नियम असा की बिघडलेली गाडी चालवणाऱ्यानेच, जवळच्या हत्यारांनी दुरुस्त करायची. वाचून मला हसू आलं. आपल्यापाशी वेगळा इलाजच कुठे होता?

आता जुन्या गाड्या चमकवून उभ्या करायची टूम आहे. क्रोम आरशासारखं, टायरला काळं पॉलिश, भोवती दोरी. कौतुक आहेच, मेहनतही खरी असते. पण चिखल चुकवणारी राजदूत बघवत नाही रे. 2021च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, मात्र मग ती प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कामांसाठीच बाहेर काढायची, रोज फिरवायची नाही. तुझी पन्नाशीची व्हायला अजून अवकाश आहे. त्याआधी तिला एकदा ओढा दाखवू. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, तरी रिंग, गॅस्केट, केबल मिळतात. रंग मात्र मी देऊ देणार नाही. टाकीवरचा पोचा तुझा आहे, तो राहू दे.

तू येणार असशील तर तूच चालव. नाहीतर भाचा मागे लागलाय. त्याला पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल मिसळायचं शिकवलंय, पण किक मारून तीच काडी पुढे ढकलली की गियर होते, यावर त्याचा अजून विश्वास बसत नाही.

दोन कामं लगेच कर. आरसी बुक शोध, तुझ्या आईच्या कपाटात नाही, मी विचारून आलो. आणि बाजूच्या हत्यारपेटीची चावी कुरियरने पाठव. मेस्त कुलूप तोडायला टपलाय, मी त्याला रविवारपर्यंत थोपवलंय.

तुझा,
पडवीचा मालक