नव्या हेल्मेटचा फोटो मिळाला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. खाली तू लिहिलंयस, 'फाइव्ह-स्टार आहे, आता टेन्शन घेऊ नकोस.' बरं, नाही घेत. पण फोनवर तू 'आई, प्लीज' म्हणून विषय बदलतोस आणि स्क्रीन कमी ठेवायला सांगितलंय, म्हणून हे कागदावर.

शनिवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचनंतर तू रेवाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतास, हे तिने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. मला तू 'थोडं डोकं हललं' एवढंच म्हणालास. अठरा पूर्ण झाल्यापासून डॉक्टर तुझ्या सहीशिवाय आम्हाला काही सांगत नाहीत (फी मात्र आमच्याकडूनच घेतात). सहीचा फॉर्म सोबत ठेवलाय.

हेल्मेट चांगलंच आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे लोक २०११ पासून हे स्टार देतात, मी त्यांची यादी अख्खी वाचली. डोक्याला बसणारा झटका कोणतं हेल्मेट किती कमी करतं, ते पाहून देतात. पण सगळ्यात चांगलं हेल्मेट घालूनही कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसून इजा, होऊ शकतं, हे तेच सांगतात. मुळात ही हेल्मेटं घडली कवटी फुटू नये म्हणून. १९६८च्या एका हंगामात ३६ खेळाडू गेले, पुढच्या वर्षी खेळाच्या हेल्मेटची मानकं ठरवणारी नॉक्सी ही संस्था निघाली, १९७३ला तिचं मानक आलं. कवट्या वाचल्या. मेंदू आत सुटाच राहिला, वाळक्या नारळातल्या गोट्यासारखा. डोकं गर्रकन फिरलं की तो मागे राहतो, पिळवटतो. बाहेरून हवा तेवढा फोम लावा, कवटीच्या आत कोण लावणार? उलट टणक हेल्मेट आलं तशी पोरं डोकं खाली घालून धडकायला लागली, आणि १९७६ला त्यावर नियम करावा लागला. तुझा कोच 'हेड अप' म्हणून ओरडतो ना, ते त्यासाठीच.

झालं सुरू लेक्चर. सॉरी.

आजोबा असते तर म्हणाले असते, 'हेल्मेटनं काही होत नाही!' २०१९ला पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध पगड्या घालून लोक रस्त्यावर उतरले, त्यात ते होते, वर मला फोटो पाठवला. त्यांनीच तुझी शुक्रवार रात्रीची ती पहिली मॅच उभं राहून पाहिली होती. एक नियम कळत नव्हता, खेळ थांबला की 'आता काय झालं?' आणि तू त्या धिप्पाड पोराला आडवा केलास, माइकवरच्या माणसाने आपल्या आडनावाचं भजं केलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडले तेच. मीही ओरडले होते, खोटं कशाला बोलू. आजही तुझं ४४ नंबरचं जर्सी मी कुणाला धुऊ देत नाही.

माइक वेब्स्टरबद्दल तुला माहीतच आहे. पिट्सबर्गच्या टीममध्ये सेंटरच्या जागी खेळायचा, २००२मध्ये गेला तेव्हा जेमतेम पन्नाशीचा. त्याचं शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. ओमालूंनी त्याच्या मेंदूत जे पाहिलं ते २००५ला छापून आलं: सीटीई, डोक्याला वारंवार मार बसून मेंदू हळूहळू खराब होत जाणारा आजार. त्या आजाराचं खात्रीचं निदान अजूनही मेल्यावरच होतं. २०१७ला बॉस्टनच्या लोकांनी एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, १११ खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये तो निघाला. रेवा म्हणते, घरच्यांना शंका होती म्हणूनच बरेचसे मेंदू दिले गेले, आकडा असा सरळ वाचायचा नसतो. बरोबर आहे तिचं. रात्री दोनला मात्र मला तो सरळच वाचता येतो.

तू खेळ सोड असं मी म्हणत नाहीये. बाबांना तसं कबूल केलंय. मला भीती एकाच गोष्टीची आहे. ट्रेनर विचारेल, 'कसं वाटतंय?' आणि तू म्हणशील, 'फाइन.' तू सगळ्यालाच फाइन म्हणतोस. मनगट मोडलं होतं तरी विसर्जन होईपर्यंत ढोल वाजवलास. सीझनआधीची ती कॉम्प्युटरवरची चाचणी तरी नीट दिलीस ना? काही मुलं ती मुद्दाम खराब देतात म्हणे, म्हणजे मार लागल्यावर फरक दिसत नाही. तू तसं केलं असशील तर आत्ताच सांगून टाक.

वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेट २००६ला तेरा वर्षांचा होता. डोक्याला लागलं, थोडा वेळ बसला, दुसऱ्या हाफमध्ये परत उतरला, आणि मॅच संपता संपता कोसळला. पुन्हा बोलायला लागायला महिने गेले. त्याच्या नावाने २००९ला कायदा झाला, मग सगळ्या राज्यांत झाले. पण कायदा असो की ट्रेनर, त्यांना दिसलं किंवा खेळणाऱ्याने सांगितलं तरच ते काही करणार. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

हे वाचताना डोकं दुखलं तर पत्र ठेवून दे. आणि दुखलं हे ट्रेनरला सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल. (चालणार नाही, पण आधी त्याला.)

चकल्या अख्ख्या फ्लोअरला वाटू नकोस, मावशीने खास तुझ्यासाठी केल्यात. पुढच्या घरच्या मॅचला आम्ही गाडीने येतोय. तू बेंचवर असलास तरी येतोय, बाबांनी हॉटेल घेऊन टाकलंय.

तुझी,
आई