गाळ काढण्याआधी तलावातल्या किड्यांची जनुकीय नोंद घ्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

२०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प मंजूर केला. पाच वर्षांसाठी सुमारे १७२ कोटी रुपये आणि सात विषय. त्यांपैकी एक गोड्या पाण्यातील जैवविविधता. त्या विषयात पाणकिड्यांना जागा मिळावी, म्हणून हे पत्र. मी गोंदिया जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवतो.

आमच्याकडे सारस मोजले जातात, ते योग्यच आहे. पण चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) यांचे काय? त्यांचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात पाण्याखाली जाते. तिथे या अळ्या डासांच्या अळ्या खातात आणि स्वतः माशांचे खाद्य होतात. गावच्या जैवविविधता नोंदवहीत मात्र त्यांची साधी नावेही सापडत नाहीत.

नावे नसण्याचे कारण आहे. नुसत्या अळीवरून जात ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते. कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेली डीएनए बारकोडची पद्धत इथे उपयोगी पडते: सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचला, की अळीची ओळख प्रौढ कीटकाशी जुळवता येते. त्यासाठी किडा मारावा लागत नाही. प्रौढाचा एक पाय पुरतो. पाणवनस्पतीला चिकटून राहिलेल्या रिकाम्या कातेतूनही डीएनए मिळवता आला आहे.

खरी गरज पुढची आहे. मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, प्रत्येक जिवात कमीजास्त वेळा येतात. दोन तलावांतल्या टाचण्यांचे हे तुकडे ताडून पाहिले, तर त्यांच्यात देवाणघेवाण होते की एक तलाव एकटा पडला आहे, जवळच्या नात्यातले प्रजनन वाढते आहे, हे कळते.

हे मी गाळ काढण्याच्या कामांमुळे लिहितो आहे. मामा तलावांचा, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांचा, गाळ निघालाच पाहिजे. आमचे धान त्या पाण्यावर आहे. पण जेसीबी काठापासून काठापर्यंत फिरला, की गाळासोबत अळ्या जातात आणि काठचा झाडोराही. शेजारच्या तलावातून कीटक उडत येत असतील, तर दोन-तीन पावसाळ्यांत जागा भरेलही. येत नसतील, तर ती जात त्या तलावातून कायमची गेली. कोणता तलाव कोणाच्या आधाराने जगतो, हे काठावर उभे राहून दिसत नाही, मंत्रिमहोदय.

म्हणून विनंती अशी: गोंदिया-भंडाऱ्यातले काही मामा तलाव आणि मेळघाटातली सिपना नदी यांपासून सुरुवात करावी. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. नमुने गोळा करायला आमचे विद्यार्थी आणि मासेमारी करणारे ढिवर बांधव येतील. प्रयोगशाळेचा खर्च तेवढा शासनाने उचलावा. निष्कर्ष हाती येईपर्यंत, एकमेकांजवळचे तलाव एकाच उन्हाळ्यात पूर्ण उपसू नयेत आणि प्रत्येक तलावाचा एक कोपरा झाडोऱ्यासह तसाच ठेवावा, असा आदेश येत्या उन्हाळ्याची कामे सुरू होण्याआधी काढावा.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक शिक्षक