मुलांच्या मास्कआधी आजी-आजोबांचा बूस्टर

महोदय,

येत्या 15 जून 2022 पासून मुले शाळेत येऊ लागतील आणि कोरोनामुळे वर्गात मास्क हवा की नको, यावर आमच्याकडे पालकांमध्ये आताच दोन तट पडले आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाने या महिन्याच्या आरंभी जिल्ह्यांना पाठवलेल्या पत्रात शाळांसह सर्व बंदिस्त ठिकाणी मास्क वापरण्यास सांगितले, आणि लगोलग आरोग्यमंत्र्यांनी ही सक्ती नसून आवाहन असल्याचा खुलासा केला. निर्णय अर्थातच मुख्याध्यापकांच्या गळ्यात येऊन पडला.

मोठ्या मुलांनी मास्क वापरावा, याविषयी माझे दुमत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस नाही आणि सहा ते अकरा वयोगटात तो मूल नीट हाताळू शकते का हे पाहून ठरवावे, असे केंद्राच्या 2022 मधील मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मृगाच्या सरी झेलत, शेताच्या बांधावरून शाळेत येणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलाचा मास्क वर्गात पोहोचेपर्यंत चिंब झालेला असतो, आणि दप्तरात दुसरा कोरडा मास्क असण्याची शक्यता कमीच. ओल्या मास्कचा उपयोग नाही. त्यापेक्षा झड आत येते म्हणून दिवसभर लावून घेतलेल्या खिडक्यांकडे लक्ष द्यावे. वाऱ्याच्या उलट बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि पडवीला बाहेरून झाप बांधून तेथे वर्ग भरवणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत.

परंतु या सगळ्या वादात ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे, त्यांचे नाव कोणी घेत नाही. कोकणातील कित्येक घरांत आईवडील मुंबईला नोकरीला आणि मुले आजी-आजोबांपाशी, अशी स्थिती आहे. बारा वर्षांखालील मुलांसाठी लसीकरण मोहिमेत अद्याप लस नाही, म्हणजे शाळेतून संसर्ग घरी आलाच, तर तो थेट साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांपर्यंत जाणार. जून 2022 च्या नियमांनुसार त्यांना वर्धक मात्रा (बूस्टर) सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते आणि 16 मार्चपासून सहव्याधीची (आधीपासूनच्या दुसऱ्या आजाराची) अटही उरलेली नाही; दुसऱ्या मात्रेला नऊ महिने झाले की पुरे. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास दुसरी मात्रा घेतलेल्यांची मुदत आताच भरते आहे.

तरीही ही माणसे केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्याचे कारण केवळ अनास्था नव्हे. कोविशिल्ड लसीच्या एका कुपीत 10 मात्रा असतात व कुपी उघडल्यावर ती काही तासांत संपवावी लागते. पुरेशी माणसे जमली नाहीत, तर वाया जाण्याच्या भीतीने कुपी उघडली जात नाही, आणि दिवसातून एकदोनदाच येणाऱ्या एसटीने आलेल्या म्हाताऱ्याला ‘पुढच्या वेळी या’ असे ऐकून परतावे लागते. असा माणूस पुन्हा येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दहा माणसे एका जागी जमवण्याचे काम शाळेइतके सहज कोणाला जमणार? कोणत्या वाडीत कोणाची आजी आहे, हे प्राथमिक शिक्षकाला तोंडपाठ असते. जिल्हा परिषदेच्या शाळांनी पहिल्याच आठवड्यात वाडीनिहाय याद्या कराव्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी ठरलेल्या दिवशी शाळेतच लसीकरण सत्र ठेवावे. 1 जूनपासून सुरू झालेल्या ‘हर घर दस्तक’ या घरोघरच्या लसीकरण मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात हे सहज बसते. त्याच सत्रात बारा वर्षांवरील ज्या मुलांची दुसरी मात्रा राहिली आहे, त्यांचेही काम उरकेल. अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना मात्र सध्या (जून 2022) बूस्टरसाठी खासगी रुग्णालयात पैसे मोजावे लागतात, आणि तशी रुग्णालये तालुक्याच्या गावाबाहेर क्वचितच आढळतात. हा भेद शासनाने लवकर दूर करावा.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांना विनंती, की ही सत्रे भाताची लावणी सुरू होण्यापूर्वी आटोपावीत, कारण एकदा तरवा (भाताची रोपे) काढायला सुरुवात झाली की सुईसाठी चिखलातून बाहेर येण्यास कोणी तयार होणार नाही. शिक्षकांकडून यादी आणि एक वर्गखोली एवढेच घ्यावे. नोंदणीचे काम आरोग्य विभागानेच करावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
देवगड, जि. सिंधुदुर्ग