पक्ष्यांच्या फोटोंसाठी कॅमेरा घ्यायचा की नाही: आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, कॅमेरा घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. आई, हातात फोन असताना आणखी एक डबडं कशाला, हा तुझा. दोघांचंही बरोबर आहे, पण वेगवेगळ्या फोटोंबद्दल. नातवंडं, समारंभ, प्रवास, कुंडीतली फुलं यांना फोन पुरतो. त्यासाठी वेगळे पैसे घालू नका. झाडावरचे पक्षी टिपायचे असतील तर मात्र फोन कमी पडतो, आणि दुकानदार आधी जो कॅमेरा पुढे करतो तोही कमीच पडतो. खरे पैसे लागतात लांब पल्ल्याच्या लेन्सला. ती रक्कम आणि किलोभर वजन, दोन्ही झेपणार असेल तरच घ्या. अधलंमधलं घेतलंत तर ते कपाटातच राहील.

हिशेब सोपा आहे. चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंटिमीटर. ती १० मीटरवर बसली आहे असं धरा. फोनची मुख्य लेन्स, सगळे कॅमेरे ज्या एका मापात तोलतात त्या जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने, २४ मिलिमीटरच्या आसपास असते. हा आकडा जितका मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं. तिच्यातून बघितलं तर चिमणी चित्राच्या रुंदीचा शंभरावा भाग व्यापते. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल, म्हणजे ४००० ठिपके, रुंद असतो, म्हणजे अख्ख्या चिमणीच्या वाट्याला आले ४० पिक्सेल. डोळा, चोच, पिसं, सगळं तेवढ्यात बसवायचं. दोन बोटांनी ताणून ठिपका तेवढा मोठा होतो. फोनला पाचपट ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सनेच जवळ आणणारा, असेल तर हे ४० चे २०० होतात. पक्षी ओळखायला २०० चालतात. पिसांची रेघ दिसायची तर हजाराच्या पुढे जावं लागतं.

आता गंमत बघा. बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर जी लेन्स येते, जिला किट लेन्स म्हणतात, ती असते १८-५५ किंवा १६-५० मिलिमीटरची (हे लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर, फिल्मच्या मापाचे नव्हेत). सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पट्टी, आणि एपीएस-सी हे तिचं एक माप. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर ५५ मिलिमीटरने तीच चिमणी टिपली तर तिच्या वाट्याला येतात साधारण २२० पिक्सेल. पाचपट झूमच्या फोनएवढेच! सेन्सर मोठा असल्याने ते पिक्सेल जरा स्वच्छ असतात, पण तेवढ्यासाठी एवढा खर्च कोणी करू नये. त्याच कॅमेऱ्याला २१० मिलिमीटरची लेन्स लावली की साधारण ८५०, आणि ४०० ची लावली की १६०० पिक्सेल. म्हणून दुकानात मेगापिक्सेल विचारत बसू नका. ए-फोर आकाराची उत्तम छपाई करायलाही पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. विचारायचं ते एवढंच, की पल्ला किती मिलिमीटर आणि त्या पल्ल्याला लेन्सचं छिद्र किती. छिद्र एफ/४, एफ/८ असं लिहितात; खालचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि प्रकाश कमी.

त्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. फोनवरचे न जमलेले फोटो उघडून प्रत्येकाचा तपशील बघा. गॅलरीत फोटो वर सरकवला की बहुतेक फोनमध्ये शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत घेतला, सेकंदाच्या भागात) आणि आयएसओ (कमी प्रकाशात चित्र किती उजळवलं) दिसतो. सगळीकडे धुरकट असेल आणि दिव्याभोवती तेजाचे पट्टे असतील, तर लेन्सवर बोटाचा तेलकटपणा आहे. मऊ फडक्याने पुसा, बास. शटर १/३० सारखा मंद असेल आणि माणूस हलल्यासारखा दिसत असेल, तर प्रकाश कमी होता. पक्षी नीट दिसतोय पण फारच बारीक आहे, असे फोटो जास्त असतील तर मग आपण लेन्सबद्दल बोलू.

पर्याय मुळात तीन. पहिला ब्रिज कॅमेरा: लेन्स कायमची जोडलेली, बदलायची कटकट नाही. निकॉन कूलपिक्स पी९५० हा त्यातला नावाजलेला. झूम ८३ पट, म्हणजे त्या फिल्मच्या मापाने २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत, वजन १००५ ग्रॅम. ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा सेन्सर जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा. एपीएस-सीचं क्षेत्रफळ त्याच्या बारा-तेरा पट. भर उन्हात फोटो छान येतात, पण पक्षी हालचाल करतात पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा आयएसओ चढतो आणि पिसांचा लगदा होतो. शिवाय २००० मिलिमीटरला चौकटीत पक्षी सापडवणं हेच एक काम असतं. आधी झूम कमी ठेवून पक्षी मधोमध घ्यायचा आणि मग पुढे जायचं. दूरच्या पक्ष्याचा फोटो उन्हात थरथरल्यासारखा आला तर तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. तापलेल्या हवेचा परिणाम असतो, आणि त्याला कुठल्याच लेन्सकडे उपाय नाही.

दुसरा पर्याय एक इंची, म्हणजे पहिल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, सेन्सरचा ब्रिज कॅमेरा, उदाहरणार्थ सोनी आरएक्स१० मार्क ४. पल्ला त्याच फिल्मच्या मापाने २४ ते ६००, छिद्र लांबच्या टोकालाही एफ/४, वजन १०९५ ग्रॅम. चांगला मिळाला तर सकाळ-संध्याकाळसाठी पहिल्यापेक्षा कितीतरी सरस.

तिसरा, लेन्स बदलता येणारा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा. कॅनन ईओएस आर५० बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम, आणि आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅम. बेरीज १०१० ग्रॅम, म्हणजे पी९५० एवढीच. मला हा मार्ग बरा वाटतो. कॅमेरा जुना झाला तरी लेन्स टिकते, आणि विकायची वेळ आली तर बॉडीपेक्षा (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा) लेन्सची किंमत हळू उतरते. यात एक उणीव आहे, ती आधीच ऐका. ४०० मिलिमीटरला या लेन्सचं छिद्र एफ/८ होतं. उडता पक्षी गोठवायला शटर १/१६०० लागतो. स्वच्छ उन्हात त्यासाठी आयएसओ ४०० पुरतो, पण सावलीत तोच ३२०० वर जातो आणि चित्र दाणेदार होतं. सावलीतला पक्षी नुसता बसलेला असेल तर १/४०० ला जमतं, तेव्हा आयएसओ ८०० चालतो.

बाबा, यापुढचं तुमच्या डोळ्यांसाठी आणि हातासाठी. जाहिरातीत ते सापडत नाही.

ज्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, असा कॅमेरा अजिबात घेऊ नका. मागच्या पडद्यावर बघायचं म्हणजे कॅमेरा हातभर लांब धरायचा. उन्हात पडदा दिसत नाही, जवळचा चष्मा लागतो आणि लांब लेन्सचं वजन मनगटावर येतं. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक चाक असतं, डायॉप्टरचं. कॅमेरा चालू करून कोऱ्या भिंतीकडे धरा आणि आतल्या खालच्या पट्टीतले आकडे बघा. समोरचं दृश्य बघू नका. चाक हळूहळू फिरवत न्या. आकडे आधी फुगल्यासारखे दिसतात, मग कडा बारीक होत जातात, आणि पुढे गेलं की पुन्हा पसरतात. जिथे सर्वांत काटेकोर दिसले तिथे थांबा. ही सोय बहुधा -४ ते +२ किंवा -३ ते +१ एवढीच असते. नंबर त्यापलीकडचा असेल किंवा चष्म्यात सिलिंडर नंबर असेल, तर चाक पुरत नाही. दूरचा चष्मा लावूनच बघावं लागेल. अशा वेळी माहितीपत्रकातला आयपॉइंट वाचा, म्हणजे डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. तो २० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात. फार कमी असेल तर कडा कापल्या जातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नंबर बदलतो, मग चाक पुन्हा लावायचं. मिररलेसचा एक फायदा असा, की काढलेला फोटो आणि मेन्यूसुद्धा व्ह्यूफाइंडरमध्येच बघता येतो. वाचायचा चष्मा शोधायला नको.

हात किंचित थरथरतो म्हणून कॅमेरा नको असं मनात आणू नका. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं स्थिरीकरण नेमकं त्यासाठीच असतं. फक्त ते तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल सावरत नाही, म्हणून शटरचा वेग तरीही हवाच. डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, कॅमेरा भुवईला दाबलेला. बटण अर्धं दाबून फोकस झाल्याची खूण येऊ द्या, श्वास सोडताना पूर्ण दाबा आणि तीन-चार फोटो सलग जाऊ द्या. पहिल्या फोटोत बोटाचा धक्का उतरतो, मधला बहुधा स्वच्छ येतो. दहा मिनिटांत खांदा भरून येत असेल तर मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा टेकू, घ्या. तिपाईपेक्षा तो सुटसुटीत.

पहिल्या काही दिवसांत तुम्हाला वाटणार, याच्यापेक्षा फोन बरा होता. त्याचं कारण आहे. फोन एका फोटोसाठी मागच्या मागे अनेक चित्रं घेऊन जोडतो, उजळतो, रंग चढवतो. कॅमेरा बहुतेक वेळा एकच घेतो आणि फारसा सजवत नाही. उजळ आकाशासमोरचा पक्षी काळा ठिक्कर येईल, कारण कॅमेरा आकाशाला भुलून प्रकाश कमी करतो; एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते सांगायची सोय) +१ करा, मागे फार उजेड असेल तर +२. ऑटोवर ठेवलंत तर पक्षी आणि फांदी दोन्ही पुसट येतात, कारण त्याला पक्षी दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. म्हणून वरच्या डायलवर शटरची निवड घ्या, कॅननवर ती टीव्ही आणि निकॉन-सोनीवर एस अशी लिहिलेली असते; वेग १/१००० लावा, आयएसओ ऑटोवर सोडा. फोकसचा चौकोन लहान, मधोमध ठेवा, नाहीतर तो पुढच्या पानावर जाऊन बसतो. पक्षी ओळखणारा फोकस असेल तर चालू करा, पण दाट फांद्यांत त्याच्या भरवशावर राहू नका.

पैशांची वाटणी अशी धरा: ठरवलेल्या रकमेतला दहावा हिस्सा आधी बाजूला काढायचा. त्यात जादा बॅटरी (एका बॅटरीवर मिररलेस तीनएकशे फोटो काढतो, पक्ष्यांमागे ती लवकर संपते), व्ही३० ही वेगाची खूण असलेलं ६४ जीबीचं कार्ड, फुंकर मारायचा रबरी ब्लोअर आणि पिशवी. कार्ड ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्या. बनावट कार्डावर ६४ लिहिलेलं असतं, आत असतात आठ. भरलं की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात आणि घरी येईपर्यंत कळत नाही. उरलेल्या रकमेतली निम्म्याहून अधिक लेन्सला. बॉडी स्वस्तातली चालेल, लेन्स नको.

वापरलेला माल घ्यायला माझी हरकत नाही. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये नवे मिररलेस माउंट (लेन्स बसवायची खोबण) आणले आणि तेव्हापासून जुन्या डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, लेन्सा पुष्कळ विकायला निघाल्या. पण लेन्स आणि बॉडी एकमेकांना लागते का, हे नीट बघा. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सांमध्ये मोटर नसते. डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीवर त्या लागतात, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून आत बघा: दोन-चार धुळीचे कण असले तर सोडून द्या, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी नको. सेन्सरसाठी छिद्र एफ/१६ करून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा. एकाच जागी काळे डाग येत असतील तर साफसफाईचा खर्च धरा. शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. साध्या बॉडीचं शटर लाखभर उघडझापांसाठी बनवलेलं असतं. बॅटरी फुगलेली असेल तर ती खाचेतून अडत निघते.

घरात आणल्यावर कातडी केसमध्ये बंद करून ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग पालटला की ते तापवून कोरडं करायचं.

आई, तुझ्या वाट्याचं एवढंच. फोटो कॅमेऱ्यातून ब्लूटूथ आणि वाय-फायने फोनवर येतात, पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर ते साधारण १६०० पिक्सेलवर आखडले जातात. पिसं दिसायला हवी असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि बाबांनी कार्ड रिकामं करण्याआधी फोटो दोन जागी उतरवलेत का, ते तू विचारायचं.

आता विकत घेण्याआधी १००-४०० किंवा तिच्या जवळची लेन्स लावलेला कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणा. दोन्ही सकाळी तासभर बाहेर पडा. दुसऱ्या सकाळी तो गळ्यात अडकवून निघायचा कंटाळा आला तर तिथेच थांबा, भाड्याचे पैसे सार्थकी लागले समजा. नाही आला, तर त्यातला सर्वांत चांगला वाटणारा एक फोटो मूळ आकारात मला पाठवा. शटर आणि आयएसओ बघून सांगते, एफ/८ ची लेन्स तुम्हाला पुरेल की एक इंची ब्रिज बघायचा.

तुमची लेक