परतणाऱ्या नोकऱ्यांचा हिशेब

महोदय,

परदेशी गेलेल्या नोकऱ्या मायदेशी आणण्याची घोषणा अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्ष करतात. ती कामगारांच्या जिव्हाळ्याची असल्यामुळेच तिचा हिशेब काटेकोरपणे मांडला पाहिजे. डिसेंबर २०१६ मध्ये इंडियानापोलिस येथील कॅरियर कंपनीच्या कारखान्यात, जिथे घरे उबदार ठेवणाऱ्या गॅसभट्ट्या बनतात, नवनिर्वाचित अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मेक्सिकोकडे निघालेल्या ११००हून अधिक नोकऱ्या वाचवल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात उत्पादनातील वाचलेल्या नोकऱ्या सुमारे ८०० होत्या आणि कंपनीला दहा वर्षांत ७० लाख डॉलरच्या सवलती देण्याचे इंडियाना राज्याने मान्य केले होते. त्याहून बोचते ते पुढचे: या करारानुसार कारखान्यात होणारी १ कोटी ६० लाख डॉलरची गुंतवणूक स्वयंचलित यंत्रांकडे वळेल आणि त्यामुळे अखेर नोकऱ्या घटतील, हे मूळ कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले होते.

कारखाना परतला म्हणजे जुने काम जुन्या संख्येने परतते, हा समज राजकारण्यांनी जोपासू नये. सवलत द्यायचीच असेल, तर ती घोषणेच्या दिवशी नव्हे, कामगारांचे पगार सलग काही वर्षे निघाल्याची खातरजमा झाल्यावरच द्यावी आणि नोकऱ्या घटल्यास तेवढी रक्कम वसूल करण्याची अट करारातच असावी.

– एक वाचक